सातबाऱ्यावर फुईचं नाव

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शिक्षिकेनं आपली पहिली मोठी कथा वाचायला दिली आहे आणि सोबत काही प्रश्न विचारले आहेत. कथा थोडक्यात अशी. रघुनाथ हा केळी उत्पादक शेतकरी. कष्टाळू, प्रामाणिक, देवभोळा. व्यापारी लबाड आणि निर्दय. रघुनाथ त्याच्याकडून उचल घेतो. मेअखेर वादळ येतं, निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग आडवी होते. व्यापारी पैशासाठी दारात उभा राहतो, रघुनाथ गळफास घेतो. जळगावला शिकणारी मुलगी धावत घरी येते आणि कथा संपते. वाचणाऱ्या मैत्रिणींच्या तक्रारी दोन: माणसं खरी वाटत नाहीत आणि पुढं काय होणार ते दुसऱ्या पानावरच कळतं. ताईंचे प्रश्न असे: पात्रांची चरित्रं आधी सविस्तर लिहून काढावीत का? कथानकाचा काही साचा असतो का? संवाद अहिराणीत घातले तर बाहेरचा वाचक अडखळेल का? आणि रघुनाथमध्ये बरेचसे स्वतःचे वडील आहेत, घरच्यांनी ओळखलं तर काय करायचं?

ताई, तुमच्या मैत्रिणींच्या तक्रारी दोन दिसतात, पण दुखणं एकच आहे. रघुनाथचं व्यापारी सोडून जगात कुणाशीच काही देणंघेणं नाही. बायको आहे, पण तिच्याशी त्याचा कसलाही जुना हिशेब नाही. मुलगी आहे, तिनं बापाकडं काही मागितलेलं नाही आणि बापानं तिच्यापासून काही लपवलेलं नाही. भाऊबंद नाहीत, बहीण नाही, सालदार नाही, बांधाला बांध लागलेला शेजारी नाही. खान्देशातल्या कुठल्याही गावात असा माणूस दाखवा. सापडणार नाही. आपल्याकडं माणूस जन्मतो तोच दहा जणांचं काही ना काही लागत असतो. कुणी त्याच्या बापाला अडचणीत धान्य दिलेलं असतं, कुणाच्या लग्नात तो जेवायला गेलेला नसतो, कुणाचं पाणी त्यानं एका उन्हाळ्यात तोडलेलं असतं.

कथा आणि एकांकिका लिहिण्यात, पोरांकडून त्या बसवून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून माझ्या हाताला लागलेलं मुख्य सूत्र हेच, की पात्राला गुण देत बसू नये, त्याला देणी द्यावीत. पैशाचं देणं त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं, कारण ते कागदावर असतं आणि दोघांनाही मान्य असतं. कथा उभी राहते ती न लिहिलेल्या देण्यावर. ते एकाला आठवत असतं, दुसरा विसरल्यासारखं दाखवतो आणि एक दिवस ते मागण्याची किंवा फेडण्याची वेळ येते. ती वेळ येणं म्हणजे कथानक. पात्र आणि कथानक असे दोन वेगळे विषय मी मानत नाही. म्हणून पात्र खरं वाटत नाही ही तक्रार आली, की पुढचं आधीच कळतं ही तक्रारही मागोमाग येतेच.

आता तुमचीच कथा घेऊ. ती फाडून टाकायची गरज नाही. तिच्यात सगळं साहित्य आहे, फक्त जागा चुकल्या आहेत.

पहिलं वादळ. तुमचं वादळ मधल्या पानावर येतं आणि रघुनाथला संपवतं. निसर्गानं, अपघातानं किंवा योगायोगानं पात्राला अडचणीत टाकलेलं वाचक बिनतक्रार मान्य करतो. त्याच गोष्टीनं कथेचा निकाल लावला, की तो हिरमुसतो, कारण त्यात माणसानं काहीच केलेलं नसतं. म्हणून वादळ पहिल्या पानावर आणा. तुम्हाला ते नीट माहीत आहे. केळीचं झाड वर जड, मूळ उथळ, त्यात घड लटकलेला. मे-जूनच्या वाऱ्यात निसवलेली बाग आधी पडते आणि कोवळी बाग वाचते, म्हणजे जिथं वर्षभराचा खर्च होऊन गेलाय तेच नेमकं जातं. तुमच्या कथेत ‘सोन्यासारखी बाग मातीमोल झाली’ असं वाक्य आहे. त्याऐवजी निसवलेली बाग पडली आणि बांधापलीकडची कोवळी उभी राहिली, एवढं लिहा. शेतकरी वाचकाच्या पोटात गोळा येईल आणि शहरी वाचकाला नवं काहीतरी कळेल.

मग रघुनाथच्या मागं दोन घड्याळं लागतात आणि दोन्ही खरी आहेत, तुम्हाला बनवावी लागणार नाहीत. एक उन्हाचं: पडलेल्या बागेतले तयार घड लवकर कापले नाहीत, तर मेच्या उन्हात भाजून जातात. दुसरं कागदाचं: हवामानावर आधारित फळपीक विमा असेल, तर वाऱ्यानं झालेलं नुकसान 72 तासांच्या आत कळवावं लागतं. पंचनामा होतो, आणि सरकारी मदत यायची असेल तर सामाईक खात्यावर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं.

सामाईक खातं. इथं थांबा, ताई. तुमची कथा इथं आहे.

रघुनाथला एक बहीण द्या. मुलीची फुई, म्हणजे आत्या. आजोबा वारले तेव्हा वारस लावताना सातबाऱ्यावर तिचंही नाव चढलं. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही हेही सगळ्यांना माहीत असतं. पुष्कळ घरांत बहीण हक्कसोड करून देते. तिला जमीन नको असते असं नाही, तिला माहेर हवं असतं. रघुनाथनं मात्र हक्कसोड कधी मागितलीच नाही. भिडस्तपणानं म्हणा, भीतीनं म्हणा. ‘नाव राहू दे, काय फरक पडतो’ असं म्हणत त्यानं पंधरा वर्षं तिच्या वाटणीची जमीन कसली. तीही कधी बोलली नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला आणायला त्याच्याकडून मुऱ्हाळी जायचा, ती माहेरी यायची, झोक्यावर बसायची, लुगडं घेऊन परत जायची. तो व्यवहार दोघांनी न बोलता ठरवलेला होता.

आणि दोन वर्षांपूर्वी रघुनाथनं मुऱ्हाळी पाठवला नाही. का पाठवला नाही, ते तुम्ही ठरवा. माझं सुचवणं एवढंच, की कारण लहान असू द्या. बहिणीच्या मुलाच्या साखरपुड्यात याचा मान राहिला नाही, इतकंच पुरे. मोठं कारण दिलं तर वाचक न्यायाधीश होतो, कुणाचं बरोबर ते ठरवून मोकळा होतो. लहान कारणावरून माणसं वर्षानुवर्षं तुटलेली राहतात हे त्याच्या स्वतःच्या घरात घडलेलं असतं, तिथं त्याला निकाल देता येत नाही.

आता वादळानंतर त्याला त्या बहिणीची सही हवी आहे. अनेर ओलांडून शिरपूर तालुक्यात तिच्या दारात जायला हवं. बघा, व्यापारी अजून कथेत आलासुद्धा नाही आणि रघुनाथला पेलणार नाही असं काम त्याच्यापुढं उभं राहिलं. हे संकट त्याच्या स्वभावातून आलेलं आहे. दुसऱ्या कुणा शेतकऱ्यावर ते आलं नसतं. ज्यानं वेळेवर हक्कसोड करून घेतली, तो शेजारी आज निवांत आहे. जो दर आखाजीला बहिणीला आणत राहिला, तोही निवांत आहे.

या टप्प्यावर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. पात्राचं चरित्र लिहावं का? आवडता रंग, उंची, शिक्षण, सवयी, असे तक्ते भरून घेण्याची पद्धत शिबिरांमध्ये असते. पोरं ते मन लावून भरतात आणि नंतर त्यातलं काहीही कथेत कामाला येत नाही. मी एवढंच विचारतो: या माणसाला कुणाच्या घरावरून जाताना मान खाली घालावी लागते? आणि याच्या घरावरून जाताना कुणाला घालावी लागते? दोन्हीचं उत्तर मिळालं, की चालण्या-बोलण्याचं, कपड्यालत्त्याचं आपोआप येतं. रघुनाथ बहिणीकडं जाताना कोणता सदरा घालेल, हे आता तुम्हाला माहीत आहे. तक्त्यातून ते कधीच कळलं नसतं.

एका प्रसंगापुरतं लिहून दाखवतो. ही तुमची कथा नाही, तुमच्या हाती ती वेगळी होईल. पण कुठं काय ठेवायचं ते दिसावं म्हणून.

रघुनाथ दुपारच्या एसटीनं उतरला. हातात पिशवी, पिशवीत लुगडं, लुगड्यावर चोपड्याच्या दुकानाची चिठ्ठी तशीच. बहीण ओट्यावर गहू निवडत होती. तिनं बघितलं, सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन तांब्या आणला. त्यानं पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं,
‘बाग गयी ना?’
‘गयी.’
‘समदी?’
‘निसवेल व्हती ती समदी.’
ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आन बांधनापलीकडली?’
बांधापलीकडली तिच्या वाटणीची. त्यानं पिशवी पुढं सरकवली. तिनं लुगडं बाहेर काढलं, पदर हाताखालून फिरवला, घडी होती तशी घातली.
‘आखाजी व्हयी गयी, भाऊ.’
मग हात पुढं केला. ‘कागद कोठे शे?’
त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. तिनं घेतला नाही. ‘वाचीसन दाखाड.’
त्यानं वाचलं. गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं, तिचं नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचताना घसा खाकरला. भरपाईची सगळी रक्कम भावाच्या खात्यावर जमा करण्यास माझी हरकत नाही, ही ओळ त्यानं वाचली नाही. खालची तारीख वाचली आणि कागद खाली ठेवला.

हा प्रसंग इथं मी सोडतो, कारण पुढचं तुमचं. पण यात काय केलं ते बघा. या बहिणीचं चौथीपर्यंत शिक्षण झालेलं आहे, तिला वाचता येतं, हे तुम्ही तीन पानं आधी कुठंतरी सहज सांगून ठेवायचं. रघुनाथच्या मुलीला पत्रं यायची फुईची, अशी एखादी ओळ. म्हणजे भावानं ओळ गाळली हे वाचकाला कळतं, बहिणीला कळतं, आणि बहिणीला कळलंय हे भावाला कळलंय की नाही ते कुणालाच कळत नाही. पुढं काय होणार, हा प्रश्न आता वाचकाच्या मनात खरोखर आहे. एकाही पानावर सस्पेन्स घातलेला नाही. पैसे मिळतील की नाही याची उत्सुकता केव्हाच मागं पडली. आता वाचकाला हवंय ते एवढंच, की ही बाई काय म्हणेल.

रघुनाथ प्रामाणिक आहे हे तुम्ही कथेत चार वेळा लिहिलं आहे. वरच्या प्रसंगात तो एक ओळ गाळतो आणि तरी वाचकाचा जीव त्याच्यासाठी तुटतो. भला माणूस खरा वाटायचा असेल तर त्याला भलेपणाची किंमत मोजायला लावा, आणि एका जागी ती त्याला परवडू देऊ नका. त्यानं बहिणीला फसवायचं ठरवलेलं नव्हतं. ती ओळ तोंडातून निघाली नाही, इतकंच. आपण सगळे असेच वागतो. तुम्हाला तुमच्या वडिलांबद्दल प्रेम आहे म्हणून तुम्ही रघुनाथला निर्मळ ठेवलात, ते मला समजतं. पण निर्मळ माणसावर प्रेम करायला वाचकाला जागाच उरत नाही.

व्यापाऱ्याकडं वळू. त्याला पुसून टाकू नका, तो कामाचा आहे. फक्त त्याच्या बाजूनं एकदा सगळा दिवस जगून बघा. रावेर-चोपड्याची केळी दिल्ली, पंजाब, काश्मीरपर्यंत जाते. त्याचे पैसे तिकडं अडकलेत, गाड्यांचं भाडं मात्र रोज रोख. वादळानंतर गावातल्या चाळीस बागा एकदम आडव्या आहेत, प्रत्येकाला आजच कापणी हवी आहे, आणि याच्याकडं मजुरांची टोळी एक, गाड्या दोन. कुणाची बाग आधी कापायची? बोर्डावर भाव एक असतो आणि पडलेल्या मालाला बांधावर मिळतो दुसराच, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो आधी मेव्हण्याची बाग कापतो. मग ज्याच्याकडं उचल जास्त अडकली आहे त्याची. रघुनाथचा नंबर तिसऱ्या दिवशी, तोवर घड काळे पडलेले. यात त्यानं दुष्टपणा कुठं केला? त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं, आणि रघुनाथ त्यात मेला. तुमच्या कथेत व्यापारी मिशीला पीळ देत हसतो. त्याऐवजी त्यानं रघुनाथच्या डोळ्याला डोळा न देता मुकादमाला पुढं पाठवलं, तर वाचकाला त्याचा जास्त राग येईल आणि तो राग वाचकाला स्वतःलाही टोचेल. एक भर घाला: मुलीच्या जळगावच्या ॲडमिशनचे पैसे ऐनवेळी याच माणसानं भरले होते, व्याज न लावता. आता हात उगारून त्याला खलनायक म्हणा बरं.

साच्याचा प्रश्न मी लवकर उरकतो. तीन अंक, पाच टप्पे, चढती घटना, उत्कर्षबिंदू, हे सगळं लिहून झाल्यावर तपासायला ठीक आहे, लिहायला बसताना डोक्यात ठेवू नये. तपासायची माझी रीत वेगळी आहे. कथेतला कुठलाही एक प्रसंग हातानं झाका आणि पुढचा वाचा. पुढचा तसाच घडू शकत असेल, तर झाकलेला प्रसंग काढून टाका, कितीही सुंदर असला तरी. तुमच्या कथेत सातपुड्याच्या पायथ्याशी होळीआधीच्या आदिवासी भोंगऱ्या बाजाराला गेल्याचं दोन पानी वर्णन आहे. ढोल, बासऱ्या, रंग, गर्दी. वर्णन छान आहे, मी ते दोनदा वाचलं. पण ते झाकलं तरी कथेत काहीच अडत नाही. ते दुसऱ्या कथेसाठी राखून ठेवा. किंवा मग त्या बाजारात रघुनाथला बहिणीच्या मुलाशी समोरासमोर आणा, म्हणजे ते वर्णन राहील.

याच संदर्भात कानबाईचा, म्हणजे खान्देशातल्या देवीचा, रोट सांगतो, कारण सण-रिवाज कथेत कसे वापरावेत याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. श्रावणात कानबाईच्या रोटासाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषामाणशी मुठीनं मोजून. बहुतेक लेखक हा रिवाज ‘आमच्याकडं असं असतं’ म्हणून रंगासाठी घालतात आणि पुढं जातात. पण विचार करा, धाकटा भाऊ भांडून वेगळा निघालाय, सुरतला जाऊन राहिलाय, फोन बंद आहे. म्हातारी आई गव्हाच्या पोत्यापुढं बसली आहे. मुठी मोजते आहे. त्याच्या नावाची मूठ घ्यायची की नाही? थोरली सून बघते आहे. आईनं घेतली तर काय, नाही घेतली तर काय, आणि घेऊन नातवाच्या नावानं मोजली तर काय? गव्हाच्या एका मुठीत अख्खी भाऊबंदकी आली. रिवाज तिथं वापरावा जिथं तो पाळताना कुणाला तरी निवड करावी लागते. नुसता रंग हवा असेल तर तो चित्रकारानं भरावा, त्याला ते जास्त चांगलं जमतं.

चित्रावरून आठवलं. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन तुम्ही पाहिलं नसेल तर अवश्य पाहा. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांतून दृश्यं उभी करायची आणि त्यांचे फोटो काढायचे, हे टेबलटॉप छायाचित्रण त्यांनी घरात बसून केलं. समोर टेबल आहे हे माहीत असूनही डोळा फसतो, कारण प्रकाश एकाच बाजूनं येतो आणि सगळ्या वस्तूंचं आकारमान एकमेकांशी जुळलेलं असतं. तुमच्या कथेत रघुनाथ पहिल्या पानावर अडाणी आहे आणि आठव्या पानावर मुलीला तत्त्वज्ञान सांगतो. तिथं उजेडाची दिशा बदलली. वाचकाला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, तो फक्त ‘खरं वाटत नाही’ म्हणतो. अडाणी माणसाला शहाणपण नसतं असं मी म्हणत नाही, उलट खूप असतं. पण ते त्याच्या कामाच्या भाषेत येतं, पाणी-पाळीच्या, गुराढोरांच्या, उधारीच्या भाषेत. मराठीच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत येत नाही.

म्हणजे आता भाषा. हा प्रश्न तुम्ही ‘बाहेरचा वाचक अडखळेल का’ असा विचारलात. अडखळू द्या थोडा. बहिणाबाईंची गाणी 1952 मध्ये छापून आली ती आसोदा-जळगावकडच्या बोलीत, आणि ती कोकणातल्या, विदर्भातल्या माणसालाही पाठ आहेत. संदर्भ घट्ट असेल तर शब्द कळतो. वरच्या प्रसंगात ‘दाखाड’ म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नाही.

पण बोलीचा खरा उपयोग त्याहून मोठा आहे आणि खान्देशच्या लेखकाला तो आयता मिळालेला आहे. आपल्याकडचा माणूस एका दिवसात किती भाषा बोलतो ते मोजा. घरात अहिराणी. पूर्वेकडं यावल-रावेरला गेला की समोरच्याची लेवा बोली ऐकून स्वतःची थोडी वाकवतो. बँकेत आणि तहसीलमध्ये जपून, एकेक शब्द ठेवत प्रमाण मराठी. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याशी आणि ट्रक ड्रायव्हरशी हिंदी. पावरा मजुरांशी पावरी-मराठीची मिसळ. शहाद्याकडं गुजर घरात गेलात तर आणखी वेगळी बोली. भाषा बदलते तेव्हा माणसाची उंची बदलते. रघुनाथ तलाठ्यासमोर ‘माझं क्षेत्र सामाईक आहे साहेब’ असं म्हणेल, आणि तलाठ्यानं बहिणीचं नाव वाचून भुवई उंचावली, की पुढचं वाक्य त्याच्या तोंडून अहिराणीत सुटेल. तो घाबरला असं लिहावंच लागणार नाही. रघुनाथची मुलगी जळगावहून सुट्टीत आल्यावर बापाशी प्रमाण मराठीत बोलते आणि रडताना अहिराणीत बोलते, हे तुम्ही एका जागी नकळत लिहिलं आहे. तुमच्या कथेतली ती सर्वांत जिवंत ओळ आहे. तसं जाणूनबुजून करा.

सगळे संवाद अहिराणीत नकोत हे खरं, कारण सगळेच तसे बोलले तर हा बदल दिसणार नाही. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, त्यात गावचे शब्द मोकळेपणानं येऊ द्या: मृगबाग, कांदेबाग, पिलबाग, मुऱ्हाळी, सालदार. अर्थ कंसात देत बसू नका. आणि तुमच्या रघुनाथकडं सालदार असेल, तर त्याचं साल आखाजीला संपतं, नवं ठरतं, हे विसरू नका. वादळ आखाजीनंतर येतंय. म्हणजे नव्या सालाची उचल घेऊन सालदार नुकताच कामाला लागलाय आणि आता मालकाकडं बागच नाही. त्याचं काय? हा माणूस तुमच्या कथेत एका वाक्यापुरता येऊन जातो. त्याला रघुनाथकडून काय येणं आहे ते ठरवा, म्हणजे तो स्वतःहून उभा राहील.

शेवटाबद्दल मला थोडं जड मनानं बोलावं लागेल. आपल्या भागात शेतकरी आत्महत्या ही बातमी नाही, शेजार आहे. तुम्ही ते लिहिलंत यात चूक नाही. पण तुमच्या कथेत तो शेवट येतो कारण लेखिकेला पुढं काय ते सुचलेलं नाही. दोरी आली की सगळे प्रश्न एकदम मिटतात, व्यापाऱ्याचे, बायकोचे, मुलीचे, बहिणीचेही. प्रत्यक्षात ते त्या दिवशी सुरू होतात. पंचनामा, चौकशी, प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवणारी समिती, सातबाऱ्यावर पुन्हा वारस, आणि दशक्रियेला येऊन बसलेली ती बहीण, जिची सही आता वहिनीला हवी आहे. तुम्हाला मरणच लिहायचं असेल तर ते पहिल्या पानाच्या आधी घडू द्या आणि कथा बायकोची करा. बायको, दोन एकर, नणंदेचं नाव. तीही कथा मोठी आहे, कदाचित जास्त मोठी. पण रघुनाथची कथा लिहायची असेल तर त्याला जगू द्या आणि त्या ओट्यावर बसवा. तिथून उठून जाणं त्याला मरणाइतकंच अवघड आहे, आणि ते त्याला करावं लागेल.

बहिणीनं सही करावी की नाही? मी ठरवून देणार नाही, पण दोन्ही सोपी उत्तरं टाळा. हसत सही करून दिली तर ती देवी होते, कागद फाडला तर सिनेमा होतो. तिलाही काही देणं आहे का ते शोधा. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात रघुनाथ जळगावच्या दवाखान्यात रात्ररात्र बसला होता का? तिच्या मुलाच्या साखरपुड्यात भावाचा मान गेला तेव्हा ती गप्प का राहिली? दोघांची पारडी जितकी सारखी ठेवाल, तितका तिचा हात कागदावर थबकेल, आणि वाचकाला ती जे करेल ते पटेल. ती सही करून वर म्हणू शकते, की रक्कम आली की अर्धी मला दे. यात प्रेम संपलं नाही आणि हिशेबही बुडाला नाही. आपल्याकडच्या बायका असंच बोलतात.

राहिला घरच्यांचा प्रश्न. वडिलांचं तुम्ही बाहेरून दिसणारं सगळं घेतलं आहे: चष्म्याची दोरी, विडी, सायकल. आणि आतलं काहीच घेतलेलं नाही. नेमकं उलटं करा. चष्मा, विडी, सायकल, गाव, पीक, भावंडांची संख्या, सगळं बदला. केळीऐवजी कापूस करा, चोपड्याऐवजी साक्री करा. ठेवायचं ते एकच: तुमच्या वडिलांना लाज कशी वाटते. लाज वाटली की ते खाकरतात, की उगाच गोठ्यात जातात, की मोठ्यानं बोलायला लागतात? ते फक्त तुम्हाला आणि कदाचित आईला माहीत आहे. गावातल्या कुणाला त्यावरून ते ओळखू येणार नाहीत, आणि वडिलांनी स्वतः वाचलं तरी त्यांना वाटेल, या रघुनाथला आपण कुठंतरी भेटलोय.

पुन्हा लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी ओट्यावरचा प्रसंग पूर्ण लिहा, बहिणीच्या उत्तरासकट. मग तिथपर्यंत पोचायला वाचकाला काय काय आधी ठाऊक असायला हवं त्याची पानं लिहा: सातबारा, आखाजी, चौथीपर्यंतचं शिक्षण, व्यापाऱ्यानं भरलेली फी, सालदाराची उचल. यातलं प्रत्येक दुसऱ्याच कुठल्यातरी कामात गुंतलेलं असताना यायला हवं. सातबारा तलाठ्याच्या पंचनाम्यात येईल, फी मुलीच्या फोनवर येईल, सालदार पडलेल्या केळीचे खांब गुरांना टाकताना बोलेल. हे झालं की कथा पंधरा-सोळा पानांची होईल. दिवाळी अंकांना ती लांबी चालते. मेपर्यंत मजकूर हातात असेल तर पाठवायला वेळही राहतो.